आठवीतल्या मुलाला संविधानाच्या विरोधात बोलायचंय, जॉर्ज मेसनची बाजू कशी मांडू?

निशिगंध

नमस्कार मंडळी,

मुलगा आठवीत आहे, इथे अमेरिकेत. सोशल स्टडीजमध्ये सध्या १७८७ चं संविधान चालू आहे आणि बाईंनी वर्गात जून १७८८ चं रिचमंड उभं करायचं ठरवलंय. व्हर्जिनिया राज्याने नवं संविधान स्वीकारावं की नाही, यावर तिथे सभा भरली होती. तीच सभा पोरांनी भरवायची. प्रत्येकाला एक पात्र, चार मिनिटं भाषण, मग उलटतपासणी आणि शेवटी मतदान. आमच्या चिरंजीवांच्या वाट्याला जॉर्ज मेसन आलाय. विरोधक! आमच्याच कॉलनीतल्या एका मराठी मुलीला संविधानाच्या बाजूचा मुख्य वक्ता जेम्स मॅडिसन मिळालाय, त्यामुळे घरात सुतकी वातावरण आहे.

पुस्तकात मॅडिसनला दोन पानं आणि सगळ्या विरोधकांना मिळून एक चौकट. त्यात लिहिलंय की त्यांना बलाढ्य केंद्र सरकारची भीती वाटत होती. संपलं. नवरा म्हणतो, हरलेल्यांचं वकीलपत्र घेऊन काय बोलणार, दोन वाक्यं पाठ कर आणि खाली बस. मला ते पटत नाही, पण माझीही गाडी शाळेतल्या 'बोस्टन टी पार्टीची कारणे लिहा'च्या पुढे कधी गेली नाही.

या माणसाचं म्हणणं नेमकं काय होतं? आणि तेरा वर्षांच्या पोराला ते मनापासून बोलता येईल असं कसं सांगू?

रिकामा_न्हावी

'हरलेल्यांचं वकीलपत्र' वाचून खुर्ची पुढे ओढली आहे. येऊ द्या.

पोटोमॅककाठी

निशिगंधताई, मुलाला सांगा, लॉटरी लागली आहे. मॅडिसनचं भाषण कोणीही करेल.

मी गन्स्टन हॉलच्या, म्हणजे मेसनच्या घराच्या, जवळपासच राहतो. जॉर्ज मेसन विद्यापीठातून एमएस केलेले ढीगभर मराठी लोक ओळखीचे आहेत. हा मेसन कोण असं विचारलं तर 'असेल कोणी गव्हर्नर' असं उत्तर मिळतं.

गव्हर्नर नव्हता. व्हर्जिनियाने १२ जून १७७६ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या तीन आठवडे आधी, आपला हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्याचा मुख्य लेखक हा. छापखान्याचं स्वातंत्र्य, ज्यूरीपुढे खटला, विनावॉरंट झडती नको, धर्म ज्याचा त्याने ठरवावा, हे सगळं त्यात आहे. १७८७ साली नवं संविधान लिहिण्याच्या अधिवेशनासाठी फिलाडेल्फियाला गेला तेव्हा वय ६१ आणि पायाला गाउटचा त्रास. महत्त्वाचं म्हणजे तो मोडता घालायला गेलाच नव्हता. जुनी व्यवस्था चालत नाही हे त्यालाही मान्य होतं. अख्खा उन्हाळा तो बैठकीत बसला, सर्वांत जास्त बोलणाऱ्यांपैकी एक होता.

बिनसलं शेवटी. ३१ ऑगस्टला तो म्हणाला की आज आहे त्या स्वरूपात या कागदावर सही करण्यापेक्षा मी माझा उजवा हात तोडून घेईन. मग १२ सप्टेंबरला त्याने सुचवलं की सुरुवातीला हक्कांची एक यादी घाला, राज्यांचे जाहीरनामे समोर आहेत, काही तासांत तयार होईल. एल्ब्रिज गेरीने रीतसर ठराव मांडला, मेसनने अनुमोदन दिलं. कनेटिकटचा रॉजर शर्मन म्हणाला, राज्यांकडे हक्कांचे जाहीरनामे आहेत, ते पुरेसे आहेत. मतं राज्यागणिक मोजली जायची. बाजूने शून्य, विरोधात दहा. लोक चार महिने खिडक्या लावून फिलाडेल्फियाच्या उकाड्यात बसले होते, घरी जायची घाई झाली होती. माझं मत विचाराल तर त्या संपूर्ण अधिवेशनातला सर्वांत महाग पडलेला आळस तो हाच.

पाच दिवसांनी ३९ जणांनी सह्या केल्या. हजर असून न करणारे तिघे: मेसन, गेरी आणि एडमंड रँडॉल्फ. मेसनने आपले आक्षेप मसुद्याच्या छापील प्रतीच्याच मागच्या बाजूला लिहून काढले. पहिलंच वाक्य: यात हक्कांचा जाहीरनामा नाही. तुमच्या मुलाने भाषणाची सुरुवात याच वाक्याने करावी.

(हा गेरी म्हणजे 'जेरीमँडरिंग'वाला, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा आपल्या सोयीने आखण्याला ज्याचं नाव पडलं तो गेरीच. ते प्रकरण पुढे १८१२ चं, तो मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर असतानाचं.)

आप्पा_डोंबिवलीकर

विरोधकांचं भाषण चांगलं व्हायचं असेल तर पोराला आधी समोरच्यांचं दुखणं कळू दे. नाहीतर मॅडिसन उलटतपासणीत लोळवेल.

१७८१ पासून जी व्यवस्था होती, आर्टिकल्स ऑफ कन्फेडरेशनची, ती म्हणजे मेंटेनन्स वसूल करायचा अधिकार नसलेली सोसायटी. कमिटी आहे, मीटिंगा आहेत, मिनिट्स आहेत. पण कोणी पैसे दिले नाहीत तर सेक्रेटरी फक्त पत्र लिहू शकतो. तेरा सभासद, प्रत्येकाला एक मत, मग तुमचा फ्लॅट वन बीएचके असो की अख्खा मजला. मोठ्या निर्णयाला नऊ मतं आणि नियम बदलायला सगळ्या तेरांची संमती. आयात मालावर पाच टक्के जकात बसवून युद्धाचं कर्ज फेडू असा प्रस्ताव आला, तर १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने तो पाडला. पुन्हा दुसऱ्या रूपात आणला, तर १७८६ मध्ये न्यूयॉर्कने अडवला. अध्यक्ष नाही, राष्ट्रीय न्यायालयं नाहीत. १७८३ च्या जूनमध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात इमारतीला वेढा घातला, तेव्हा काँग्रेसच्या, म्हणजे या कमिटीच्याच, सभासदांनी गाव सोडून प्रिन्स्टन गाठलं.

म्हणजे बदल हवाच होता. वाद होता तो सेक्रेटरीला किती चाव्या द्यायच्या याचा.

निशिगंध

आप्पाकाका, सोसायटीचं उदाहरण नवऱ्याला लगेच पटलं, तो तीन वर्षं एचओएच्या, म्हणजे इथल्या सोसायटीच्या, कमिटीवर होता. पोटोमॅककाठी, खूप आभार. मुलाने 'उजवा हात' लगेच लिहून घेतला.

पण त्याला एक शंका आहे. मेसन मोठा जमीनदार. मग सामान्य माणसं विरोधात का होती? की विरोध हा सगळा बड्या लोकांचा रुसवाफुगवा होता?

बर्कशायरचा_बंड्या

हा प्रश्न बाईंनी विचारायला हवा होता, पोराने विचारला. शाबास.

मी पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये असतो, त्यामुळे उत्तर इथल्या मातीतलं देतो. युद्धानंतर राज्याने कर्ज फेडायला कर वाढवले आणि ते नाण्यांत मागितले. इथल्या शेतकऱ्यांकडे नाणी कुठली? सगळा व्यवहार मालाच्या बदल्यात माल असा. सैन्यातल्या चाकरीबद्दल मिळालेले रोखे त्यांनी अडचणीपोटी कवडीमोलाने सावकारांना विकून टाकलेले. मग जमिनी जप्त, कर्जासाठी तुरुंग. १७८६ च्या ऑगस्टअखेर नॉर्थॅम्प्टनला जमावाने कोर्टच भरू दिलं नाही. कोर्ट नाही तर जप्तीचा हुकूम नाही, इतका साधा हिशोब. पुढारी डॅनियल शेज, वॉशिंग्टनच्या सैन्यातला माजी कॅप्टन. २५ जानेवारी १७८७ ला हे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तोफा डागल्या गेल्या, चार माणसं पडली. राज्याकडे फौजेला पैसे नव्हते, ते बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून दिले.

आता बरोबर एक वर्ष पुढे या. २५ जानेवारी १७८८, बॉस्टन, संविधान मंजुरीची सभा. सटन गावचा एमॉस सिंगलटेरी उभा राहतो. शाळेचं तोंड न पाहिलेला म्हातारा. तो म्हणतो, हे वकील, हे विद्वान, हे पैसेवाले इतकं गुळगुळीत बोलतात की आमच्यासारख्या अडाण्यांना कडू गोळी गिळायला लावतील. काँग्रेसमध्ये हेच बसणार, सत्ता यांच्याकडे, तिजोरी यांच्याकडे, आणि मग बायबलमधल्या देवमाशाने योनाला गिळलं तसे आम्हाला सगळ्यांना गिळून टाकतील.

त्याला उत्तर कोणी वकिलाने दिलं नाही. माझ्या बर्कशायरमधल्या लेन्सबरोचा जोनाथन स्मिथ उठला. म्हणाला, मी साधा माणूस, नांगरावर पोट भरतो, चारचौघांत बोलायची सवय नाही, पण माझ्या नांगरधारी भावांशी दोन शब्द बोलू द्या. गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे काय अंदाधुंदी माजली ते मी पाहिलंय. शेजारी शेजाऱ्यावर बंदूक रोखून होता. हे संविधान हातात आलं तेव्हा मी कुठल्या वकिलाकडे गेलो नाही, आमच्या गावात वकीलच नाही आणि त्यावाचून आमचं अडतही नाही. मी स्वतः वाचलं, परत परत वाचलं. पुढे तो म्हणतो, तुम्ही दोघातिघांनी मिळून खडकाळ जमीन फोडून गहू पेरला आणि कुंपण कसं घालायचं यावर एकमत झालं नाही, म्हणून पीक तसंच टाकून द्याल का?

दोघेही शेतकरी भागातले, दोघेही वकिलांवर खार खाऊन, आणि उत्तरं उलटी. निशिगंधताई, 'बडे विरुद्ध छोटे' अशी सरळ रेघ इथे ओढता येत नाही, पण सिंगलटेरीला जे टोचत होतं ते खरं होतं. शेवटी मत पडलं १८७ विरुद्ध १६८. दहा माणसं इकडची तिकडे गेली असती तर बोंबललं असतं. तेही जमलं ते जॉन हॅनकॉक आणि सॅम्युएल ॲडम्सने तोडगा काढला म्हणून: आत्ता मंजूर करा, सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडा. पुढे बहुतेक राज्यांनी हाच कित्ता गिरवला.

सदाशिव_पेठी_मास्तर

बंड्या, उत्तम. नागरिकशास्त्र शिकवण्यात हयात गेली, म्हणून एक सूचना करतो. 'केंद्र बलाढ्य होईल' हे वाक्य मुलांच्या तोंडी घालू नका, त्यातून त्यांना काही दिसत नाही. त्यांना गोष्ट द्या.

फिलाडेल्फियाची देतो. सप्टेंबर १७८७, संविधानाची शाई अजून ओली. पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेत मंजुरीची सभा बोलावण्याचा ठराव घाईघाईने आला. सभासद ६९, गणपूर्तीला ४६ लागत. १९ विरोधकांनी ठरवलं, आपण जायचंच नाही. इतरही काही गैरहजर, हजर भरले ४४, दोन कमी. (आपल्याकडे आमदारांना रिसॉर्टवर नेतात, तिथे ते आपापल्या खोल्यांत बसून राहिले.) २९ तारखेला जमाव त्यांच्या बिऱ्हाडी गेला, खिडक्या फोडल्या आणि जेम्स मॅककालमाँट व जेकब मायली या दोघांना रस्त्यावरून फरफटत सभागृहात आणून बसवलं. कपडे फाटलेले, चेहरे पांढरेफटक. मॅककालमाँटने मला जाऊ द्या म्हणून सभागृहाची परवानगी मागितली, ती नाकारली. गणपूर्ती झाली! ठराव मंजूर.

आता मुलाला विचारा, लोकांच्या नावाने सुरू होणारा कागद मंजूर करायची ही रीत कशी वाटते? विरोधकांना घाईबद्दल संशय का आला, ते त्याचं तोच सांगेल.

सडेतोड_सई

मास्तर, बंड्या, सगळं छान. पण मेसनला कोणी विचारणार आहे की नाही, की बाबा, तू हक्कांच्या बाता मारतोस आणि तुझ्या तंबाखूच्या मळ्यावर राबतंय कोण? व्हर्जिनियाच्या १७९० च्या जनगणनेत चाळीसेक टक्के माणसं गुलाम होती. त्यांचे हक्क त्या यादीत कुठे बसत होते? उगाच पोराच्या डोक्यात नवा पुतळा उभा करू नका.

पोटोमॅककाठी

सई, प्रश्न रास्त आहे आणि उलटतपासणीत तो येणारच, म्हणून उत्तर तयार ठेवायला हवं. फक्त पांघरूण घालणारं उत्तर नको.

२२ ऑगस्ट १७८७ ला मेसनने अधिवेशनात गुलामांच्या व्यापारावर कडाडून हल्ला केला. म्हणाला, गुलामांचा प्रत्येक मालक हा जन्मजात छोटा जुलमी असतो. गुलामांची आयात १८०८ पर्यंत थांबवायची नाही, ही तडजोड त्याच्या आक्षेपांपैकी एक होती. आणि तरी त्याच्या मळ्यावर कितीतरी गुलाम होते, त्याने मृत्युपत्रातसुद्धा त्यांना मोकळं केलं नाही. आणखी वाईट ऐका. जून १७८८ मध्ये रिचमंडला त्याने एकाच दमात दोन तक्रारी केल्या: हे संविधान नवे गुलाम आणू देतं हे वाईट, आणि आमच्याकडे आधीपासून असलेल्या गुलामांच्या मालकीला संरक्षण देत नाही हेही वाईट.

व्हर्जिनियाकडे गुलाम भरपूर होते, नवे नकोच होते. आयात बंद झाली की घरच्यांची किंमत वाढणार. त्याच्या मनात नेमकं काय होतं ते तो जाणे, पण हा हिशोब तेव्हाही लोकांना दिसत होता.

सडेतोड_सई

हं. हे पोराला सांगाल तर माझी हरकत नाही. आणि मॅडिसनच्या बाजूला तीन-पंचमांशचं कलम विचारायला सांगा. राज्याच्या काँग्रेसमधल्या जागा मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, मत शून्य. पूर्ण कागदात 'गुलाम' हा शब्द येऊ दिलेला नाही, 'इतर व्यक्ती' म्हणून वेळ मारून नेली आहे. लाज वाटत होती म्हणूनच ना?

माळीवाडा

सईताईंच्या मुद्द्याला जोडून. हा सगळा घोळ निस्तरायला पुढे यादवी युद्ध करावं लागलं, आणि त्याची नोंद आपल्या पुण्यात घेतली गेली. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. घरी मराठी बोलणाऱ्या आठवीतल्या मुलाला हे ठाऊक असावं. भाषणात नाही घातलं तरी चालेल.

इतिहासप्रेमी_नाना

१७७३ च्या ऑगस्टात पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या चहा बुडाला. चहा कोणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा. राघोबादादांनी ज्यांचा हात धरला तीच ही कंपनी. आणि यॉर्कटाउनला १७८१ मध्ये ज्याची फौज शरण आली तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांत आपल्याकडे गव्हर्नर जनरल! पुढे टिपूविरुद्धच्या लढाईत मराठे त्याचेच दोस्त. यावर लिहीन सविस्तर.

रिकामा_न्हावी

नाना, वेगळा धागा काढा, इथे पोराची परीक्षा आहे :)

निशिगंध

नाना, धागा काढलात तर नक्की वाचेन.

मुलाने आज स्वतः मसुदा केला. पहिलं वाक्य 'यात हक्कांचा जाहीरनामा नाही', मग फिलाडेल्फियाचे शून्य-दहा, मग पेनसिल्व्हेनियाची फरफट. शेवट त्याने असा केलाय: 'म्हणूनच आज आपल्याकडे बिल ऑफ राइट्स आहे.' टाळ्या मिळतील म्हणतो.

आणखी एक. पुस्तकात लिहिलंय की मॅडिसन आधी हक्कांची यादी नकोच म्हणत होता, तर मग बिल ऑफ राइट्सचा, म्हणजे संविधानाला नंतर जोडलेल्या हक्कांच्या यादीचा, जनक म्हणून पुस्तकात त्याचंच नाव कसं?

आप्पा_डोंबिवलीकर

शेवटचं वाक्य काढायला लावा! जून १७८८ मध्ये बिल ऑफ राइट्स अस्तित्वातच नाही. मेसनला माहीत नसलेली गोष्ट मेसनच्या तोंडी आली की मॅडिसन तिथेच गाठणार. त्या सभेला एवढंच ठाऊक आहे की आठ राज्यांनी होकार दिलाय आणि संविधान लागू व्हायला नववं लागतं. न्यू हॅम्पशायरने २१ जूनला नववा होकार दिला, पण ती बातमी मतदान होईपर्यंत रिचमंडला पोचलीच नव्हती. त्या लोकांना वाटत होतं, सगळं आपल्या हातात आहे.

पोटोमॅककाठी

आप्पांशी सहमत. टाळ्यांसाठी दुसरं देतो. संविधानात राजधानीसाठी दहा मैल बाय दहा मैल जागा राखून ठेवायची तरतूद आहे. मेसन रिचमंडला म्हणाला, ही जागा आजूबाजूच्या राज्यांचे कायदे धाब्यावर बसवेल आणि काळ्याकुट्ट गुन्ह्यांचं आश्रयस्थान होईल. वॉशिंग्टन डीसीबद्दल हे वाक्य आठवीच्या वर्गात हमखास हशा मिळवेल. आणि बोलताना ते मेसनचं स्वतःचं म्हणणं आहे, बनावट नाही.

आता मॅडिसनचं कोडं. नकोच म्हणण्याला त्याच्याकडे कारणं होती. एक, केंद्राला मोजकेच अधिकार दिलेत, जो दिलाच नाही तो अधिकार ते वापरणार कसं? दोन, यादी केली की यादीबाहेरचे हक्क नाहीतच असं उद्या कोणीतरी म्हणेल. मॅडिसनच्याच बाजूचा हॅमिल्टन तर म्हणत होता, यादी अनावश्यकच नव्हे, धोकादायक आहे. तीन, चर्मपत्रावरच्या कुंपणांनी बहुमताला कधी अडवलंय? ऑक्टोबर १७८८ मध्ये त्याने जेफरसनला हे लिहिलं. जेफरसन तेव्हा पॅरिसला होता आणि त्याआधीच लिहून चुकला होता की प्रत्येक सरकारविरुद्ध हक्कांची यादी हा लोकांचा अधिकारच आहे.

मॅडिसनचं मन वळलं ते तत्त्वाने किती आणि निवडणुकीने किती, यावर इतिहासकार भांडतात. मेसनसारखाच संविधानाचा विरोधक असलेल्या पॅट्रिक हेन्रीने व्हर्जिनियाच्या विधानसभेत त्याला सेनेटवर, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, जाऊ दिलं नाही. मग तो हाउसच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, जागेला उभा राहिला, तर समोर जेम्स मन्रो, हाच पुढे पाचवा अध्यक्ष झाला. त्या भागात बॅप्टिस्ट लोक बरेच. पूर्वी परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून त्यांच्या धर्मोपदेशकांनी तुरुंग पाहिलेला, त्यांना धर्मस्वातंत्र्य कागदावर हवं होतं. मॅडिसनने लेखी शब्द दिला की दुरुस्त्या आणीन. १३०८ विरुद्ध ९७२ ने निवडून आला आणि ८ जून १७८९ ला काँग्रेसमध्ये खरोखरच दुरुस्त्या मांडल्या. इतर सभासद कुरकुरत होते, आधी जकातीचं बघू म्हणत होते. तो हटला नाही. यादीबाहेरच्या हक्कांची जी शंका होती त्यावर इलाज म्हणून नववी दुरुस्ती आली: इथे लिहिलं नाही म्हणजे हक्क नाही असं समजू नये. विरोधकांनी आग्रह धरला आणि त्याने ते लिहून काढलं. जनकपद वाटून घ्या.

मेसन स्वतः सप्टेंबर १७८९ मध्ये एका पत्रात म्हणतो की या दुरुस्त्यांनी मला पुष्कळ समाधान दिलं, आणखी दोनतीन झाल्या तर मी या सरकारला आनंदाने हात आणि हृदय देईन. तोडायला निघालेला हात तोच. वॉशिंग्टनशी जुनी मैत्री मात्र गेली ती गेलीच.

अर्धवेळ_वकील

छोटी भर. काँग्रेसने राज्यांकडे पाठवल्या १२ दुरुस्त्या, १७९१ च्या १५ डिसेंबरला मंजूर झाल्या १०. आज जिला पहिली दुरुस्ती म्हणतात ती मूळ यादीत तिसरी होती. गळालेल्यांपैकी एक खासदारांच्या पगारवाढीबद्दल होती. १९८२ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने निबंध लिहिला की हिला मुदतच नाही, ती अजून जिवंत आहे. त्याला 'सी' मिळाला. पठ्ठ्याने राज्याराज्यांत पत्रं लिहून १९९२ मध्ये ती मंजूर करून घेतली, तीच २७ वी दुरुस्ती. २०१७ मध्ये विद्यापीठाने त्याचा 'सी' बदलून 'ए' केला. आठवीतल्या मुलांना ही गोष्ट भाषणापेक्षा जास्त लक्षात राहते, अनुभव आहे.

आणि हो, त्या दहा दुरुस्त्या फक्त केंद्र सरकारला लागू होत्या. १८३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाल्टिमोरच्या एका धक्कामालकाच्या खटल्यात तसं स्पष्टच सांगितलं. तुमच्या राज्याने तुमच्यावर जुलूम केला तर बिल ऑफ राइट्स कामाचं नाही! ते बदलायला चौदावी दुरुस्ती आणि पुढची कित्येक दशकं लागली.

सदाशिव_पेठी_मास्तर

विरोधकांमध्ये कोणी स्त्री आहे का, असं वर्गातल्या एखाद्या मुलीने विचारलं तर मर्सी ओटिस वॉरनचं नाव द्या. १७८८ मध्ये तिने 'कोलंबियन पेट्रियट' या टोपणनावाने संविधानावर टीकेची पुस्तिका काढली. पुढे कितीतरी वर्षं लोक ती गेरीची समजत होते.

कॉलनीतली_आई

नमस्कार. मी इथे फक्त वाचायला येते, पण आता राहवत नाही. ती 'मॅडिसन मिळालेली मुलगी' माझी आहे. धागा आमच्या घरी रोज मोठ्याने वाचला जातोय आणि ती हवालदिल झाली आहे. मॅडिसनच्या बाजूने बोलणारं कोणी आहे का इथे, की सगळे मेसनकडे फितूर?

निशिगंध

अगं! शनिवारी भेटलो तेव्हा एक शब्द बोलली नाहीस.

बर्कशायरचा_बंड्या

मॅडिसनसाठी मी उभा राहतो, जोनाथन स्मिथच्या गावाजवळचा आहे.

तिला सांगा, मेसनच्या हक्कांवर हल्ला करू नकोस, तिथे हरशील. क्रम विचार. मेसन आणि हेन्रीचं म्हणणं, आधी दुरुस्त्या करा मग आम्ही होकार देऊ. मॅडिसनचं उत्तर: आठ राज्यांनी हाच मजकूर स्वीकारलाय. आपण अट घातली की त्या आठांना पुन्हा सभा भरवाव्या लागतील, तीही आपापल्या अटी आणतील, त्या एकमेकींना छेद देतील. आधी आत येऊ, मग संविधानातच दिलेल्या मार्गाने बदलू. जुन्या व्यवस्थेत बदलाला तेरांची संमती लागायची, यात तीन चतुर्थांश राज्यं पुरतात, हा आकडा तिने ठासून सांगावा.

शिवाय रँडॉल्फला साक्षीला बोलाव म्हणावं. त्याने मेसनच्या शेजारी बसून सही नाकारली होती आणि रिचमंडला तो होकाराच्या बाजूने बोलला. कारण हेच, की आता प्रश्न देश एकत्र राहण्याचा आहे. वर्गात ते पात्र कोणाकडे असेल तर आधीच गाठून ठेवा.

हेन्री ज्याच्या वाट्याला असेल त्याच्यापासून सावध. 'आम्ही लोक' म्हणायचा अधिकार यांना दिला कोणी, 'आम्ही राज्यं' का नाही, असा तो विचारेल. मॅडिसन हळू आवाजात बोलायचा, नोंदी घेणाऱ्यालाही कधीकधी ऐकू जायचं नाही. पण एकेक कलम घेऊन उत्तर द्यायचा. मुलीचा आवाज लहान असेल तर बिघडलं नाही, मुद्देसूद बोलू दे.

प्रत्यक्षात ८९ विरुद्ध ७९ ने मॅडिसन जिंकला, आणि त्याच सभेने सोबत २० हक्क आणि २० दुरुस्त्यांची शिफारस जोडून पाठवली. तुमच्या वर्गात किती पडली ते दोघींनी इथे येऊन सांगा.